टॉवेलचा दांडा

यशवंतपूर, बेंगळुरू
२५ ऑगस्ट २०२५

चि. नयना,

फोनऐवजी पत्र का, ते तुला ठाऊक आहे. कानातलं यंत्र आणि मोबाइल जवळ आले की शिट्टी वाजते आणि तुझं अर्धं बोलणं त्या शिट्टीत वाहून जातं. शिवाय पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही. कराडला पत्र अजूनही पोचतं ही गोष्ट या शहरात कुणाला सांगितली तर लोक माझ्याकडे दयेने बघतात.

बातमी अशी की मी ड्रिल मशीन घेतलं. बिनवायरचं, बॅटरीवर चालणारं. बाजारात जाऊन स्वतः आणलं. दुकानदाराने कशासाठी हवंय म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, भिंतीसाठी. तो माझ्या धोतराकडे बघत राहिला. रंग पोपटी आहे, आकार पिस्तुलासारखा. पण चाप हलकेच दाबला ना, की आपल्या शाळेत कविता सुरू करण्याआधी गुरुजी डोळे मिटून जो सूर धरायचे, हुबेहूब तो सूर येतो. आणखी दाबला की सगळा वर्ग म्हणायला लागल्यासारखं वाटतं. मी दिवसातून एकदोनदा नुसतंच चालवून ऐकतो.

आता कारण. मागल्या रविवारी आशय आणि सूनबाई यशश्री कोरमंगल्याहून आले होते. बरोबर एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका. देवनहळ्ळीजवळ ज्येष्ठांसाठी म्हणे एक वसाहत झाली आहे. पुस्तिकेतले सगळे म्हातारे हसतात. कशाला हसतात ते कळत नाही, कारण फोटोत दुसरं कुणी काही बोलताना दिसत नाही. मागल्या पानावर नियम आहेत. त्यातला एक वाचून मी पुस्तिका मिटली: रहिवाशांनी भिंतीला छिद्र पाडू नये. म्हणजे तुझ्या वहिनीचा फोटो मी कुठे लावायचा? सोफ्यावर बसवायचा का?

मी म्हटलं, मी इथे ठीक आहे. आशय म्हणाला, "बाबा, तुम्हाला एकट्याने खिळासुद्धा ठोकता येत नाही." खोटं नाही. या घरातले सगळे खिळे गौरीने ठोकलेत. मी खाली उभा राहून कुठला डावीकडे गेला ते सांगायचो. ती गेल्यापासून भिंतीला काही लागलेलं नाही. पण मुलाने बोलून दाखवावं? मी तिथल्या तिथे सांगितलं, न्हाणीघरात एक दांडा बसवायचाय, तो दसऱ्याच्या आत मी माझ्या हाताने बसवतो. बसवला तर देवनहळ्ळीचं नाव काढायचं नाही. तो म्हणाला, आणि नाही बसला तर? मी म्हटलं, तर तुझी पुस्तिका आणि मी. त्याने मान हलवली. यशश्रीने ते मोबाइलवर टिपून घेतल्याचा मला संशय आहे.

दांडा साधा आहे, टॉवेल टांगायचा. तू आयटीआयमध्ये पोरांना आयुष्यभर फिटरकाम शिकवलंस, तेव्हा या भावाला एक धडा पाठव. सोप्या भाषेत लिही. मी ग्रंथपाल होतो हे लक्षात ठेव.

तुझा
दादा

कराड
३० ऑगस्ट

दादा,

नमस्कार. आधी धोतर. ड्रिल हातात असताना धोतर नको, उपरणं नको, लोंबणाऱ्या बाह्या नकोत, मनगटातला गंडाही नको. भोक पाडणाऱ्या फिरत्या बिटाला काय कापड आणि काय हात, फरक कळत नाही. आशयची एखादी जुनी हाफ पँट असेल तर ती घाल. तुला कोण बघतंय?

डोळ्यांवर बंद चष्मा हवा, वाचायचा नव्हे. टाइलचा कण डोळ्यात गेला तर माझं पत्रही वाचता यायचं नाही. तोंडाला रुमाल बांध.

नुसतं चालवून ऐकतोस ते बंद कर. बॅटरी काही रेडिओ नाही. काम करायच्या आधी ती पूर्ण भर. अर्ध्या भोकात मशीन दमलं की माणूस अंगाने रेटतो आणि तिथेच गोंधळ होतो. बीट बदलताना बॅटरी आधी बाहेर काढायची. दरवेळी. बीट धरणारा चक आवळलास की बीट ओढून बघ, हललं तर पुन्हा आवळ.

बॉडीवर हातोडीचं चित्र आहे का बघ. असेल तर टाइलवर ते चालू करायचं नाही. टाइल साध्या फिरण्याने, सावकाश पार करायची. मागची वीट लागली की मग हातोडी. बीट भिंतीचं घे, लाकडाचं नको. मशीन भिंतीशी काटकोनात. रेटायचं नाही, धरून ठेवायचं. काम बीट करतं, माणूस फक्त दिशा सांभाळतो. मुलांना मी हेच सांगायची आणि दर वर्षी एक तरी मुलगा भिंतीशी कुस्ती खेळायचा.

भोक पाडण्याआधी मागे पाण्याचा पाइप किंवा वायर नाही ना ते बघ. नळाच्या आणि बटणांच्या सरळ वर-खाली हात लावू नकोस. आणि बीट घसरू नये म्हणून खुणेवर आधी पंच, म्हणजे ती टोकदार लोखंडी कांडी, ठेवून हातोडीने एक टोला दे. छोटा खड्डा पडला की बीट तिथेच बसतं. हे विसरू नकोस, हे सगळ्यात महत्त्वाचं.

दांडा कसला आहे, किती उंचीवर लावणार, कुठे, किती स्क्रू आहेत ते कळव. तू काहीच सांगितलेलं नाहीस. सुराचं वर्णन अर्धं पान आहे.

नयना

यशवंतपूर
८ सप्टेंबर

चि. नयना,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा मोठ्याने म्हटलं. "काम बीट करतं, माणूस फक्त दिशा सांभाळतो." हे वाक्य आपल्या पाचवीच्या पुस्तकात असतं तर त्याखाली प्रश्न आला असता आणि मी त्याचं उत्तर पानभर लिहिलं असतं.

तर आज्ञेप्रमाणे हाफ पँट घातली. गंडा सोडला, देवाला कारण सांगितलं. बंद चष्मा घातला. पंच ठेवला आणि एक टोला दिला.

टाइल तडकली.

रागावून लिहीत नाही. तडा सुंदर गेला आहे. वर महाबळेश्वर, मग वाईचं वळण, आणि खाली कोपऱ्यात थेट तुमच्या कराडचा संगम. आपण भूगोलाच्या वहीत काढायचो ती कृष्णा नदीच. मी स्टुलावर बसून बराच वेळ ती बघत होतो. पण सर्वांत महत्त्वाचं म्हणून तू सांगितलंस तेच असं का झालं, एवढं विचारून ठेवतो.

तो आवाज ऐकून समोरचा श्रीकांत आला. तुला आठवेल, पुण्याचा, आमच्याच संशोधन संस्थेतून निवृत्त झालेला. आमची सोसायटी कशी आहे ते तू पाहिलंयस. कुणी रडारवर काम केलंय, कुणी विमानाच्या शेपटीचं गणित मांडलंय, कुणी आकाशात काहीतरी सोडलंय ते अजून फिरतंय. भिंतीला भोक मात्र एकानेही पाडलेलं नाही. ते खालच्या ग्रेडचं काम. त्यामुळे माझ्या न्हाणीघरात भोक पडणार म्हटल्यावर सगळ्यांना इतकी वर्षं दाबून ठेवलेली उत्सुकता आवरेना. श्रीकांतने संध्याकाळपर्यंत तांत्रिक समिती नेमली. तो अध्यक्ष, रडारवाला सुहास सदस्य-सचिव, आणि मी, ज्याचं न्हाणीघर, तो निमंत्रित.

पहिली बैठक न्हाणीघरातच झाली. दोघे आत, बाकीचे दारात, एक जण कमोडवर झाकण घालून बसला. श्रीकांतने विचारलं, दांड्यावर भार किती? मी म्हटलं, टॉवेलचा. कोरडा की ओला? यावर मतभेद झाले. शेवटी माझा पंचा बादलीत बुडवून ताणकाट्याला टांगला आणि वजन घेतलं. मग सुहासने गणित करून सांगितलं की दोन्ही बाजूंना तीन-तीन स्क्रू म्हणजे निव्वळ उधळपट्टी आहे, एकेक पुरे. सरकारी पैसा असता तर लेखापरीक्षणात आक्षेप आला असता म्हणाला. ठराव एकमताने मंजूर झाला. तडकलेल्या टाइलच्या शेजारची टाइल निवडली, तीही एकमताने. माझं मत कुणी विचारलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बोलता आलं नसतं.

तू विचारलंस म्हणून: दांडा स्टीलचा, जाड, हाताच्या मुठीत नीट बसेल असा. कमोडच्या बाजूला, बसल्यावर कोपर येतं त्या उंचीवर. दोन्ही टोकांना गोल चकती, चकतीला तीन-तीन भोकं.

मग यंत्र चाललं. सूर लागला, वर्ग म्हणायला लागला, पण भिंत ऐकेना. बीट फिरतंय, फिरतंय, आणि टाइलवर फक्त एक गुळगुळीत चकचकीत गोल. पुनवेचा चंद्र जसा. थोडा धूरही निघाला. समितीने ही घटना गंभीरपणे घेतली. एकाचं म्हणणं टाइलचा काठिण्यांक जास्त, दुसऱ्याचं बिटाचा धातू हलका, श्रीकांतचं म्हणणं ही भिंतच त्या काळातली आहे जेव्हा सिमेंट खरं असायचं. हिऱ्याच्या टोकाचं बीट मागवावं अशी शिफारस झाली. ते कुठून मागवायचं यासाठी उपसमिती आहे.

खालच्या मजल्यावरचे भीमाचार्य वर आले आणि दारातूनच म्हणाले, "राव, स्वल्प थांबा. दुपारची झोप आमची पण आहे." समितीने त्यांना बाहेरची व्यक्ती ठरवून परत पाठवलं. त्यांचं मराठी घराणं इथे तीनशेहून अधिक वर्षं आहे आणि आम्ही चाळीस, पण सोसायटी आमच्या संस्थेची आहे आणि ते तिथे नंतर घर घेऊन आलेले.

दसरा जवळ येतोय. रात्री झोप लागत नाही असं नाही, पण पुस्तिकेतले ते हसरे लोक डोळ्यांसमोर येतात.

तुझा
दादा

कराड
१३ सप्टेंबर

दादा,

पंचाचं चुकलं. मान्य. मी जन्मभर लोखंडाला भोकं पाडली. लोखंडावर पंच मारल्याशिवाय मुलाला मशीनला हात लावू द्यायची नाही. ती सवय हातातून कागदावर उतरली. टाइलला टोला चालत नाही हे इथल्या गवंड्याला विचारलं तर तो माझ्याकडे बघून इतका वेळ हसला की मी चहा न देताच त्याला पाठवला. टाइलवर कागदी चिकटपट्टीची फुली लाव आणि फुलीच्या मध्यावर बीट ठेवून अगदी हळू सुरू कर. घसरत नाही. मी माझ्या मोरीत करून बघितलं, मग लिहिलं.

आता दुसरं. हे पत्र समितीसमोर वाचू नकोस.

टॉवेल टांगायचा दांडा कुणी कमोडच्या बाजूला लावत नाही. बसल्यावर कोपराच्या उंचीला लावत नाही. मुठीत बसेल इतका जाड घेत नाही. टॉवेल एवढा जड नसतो दादा. कधी पडलास?

लागलं किती? उठवलं कुणी? आशयला माहीत नाही हे मी धरून चालते, कारण त्याला माहीत असतं तर तू आज देवनहळ्ळीत असतास आणि फोटोत हसत असतास.

तुझ्या त्या रडारवाल्यांनी ओल्या पंचाचं गणित केलंय. तू त्यावर तुझा सगळा भार टाकणार आहेस. एका स्क्रूवर. तो दांडा भिंतीतून सुटला तर तू दांड्यासकट पडशील, आणि दांड्यावर विश्वास ठेवून पडलेला माणूस नुसत्या पडलेल्या माणसापेक्षा जोरात पडतो. सहाही स्क्रू. लांब. प्रत्येकाला योग्य जाडीची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी, आणि ती टाइलच्या मागे विटेत पूर्ण गेली पाहिजे. टाइलमध्ये अडकली तर टाइल फुटेल. यात एक स्क्रू कमी केलास तर मला पत्र लिहू नकोस.

आणि आशयला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.

नयना

यशवंतपूर
१९ सप्टेंबर

नयना,

पडलो श्रावणात. साबण. गौरी साबण डबीत ठेवायची, मी काठावर ठेवतो. एवढंच झालं. माकडहाडाला लागलं, कोपर सोललं. हाड मोडलं नाही. उठवलं कुणी नाही. धरून उठण्याजोगं काहीच नव्हतं. बादली धरली तर बादली आली. मग मी ठरवलं की घाई करायची नाही. फरशी गार होती. पाचवीतली ती लांबलचक कविता आठवते का, जी पूर्ण पाठ झाली नाही म्हणून तू उभी राहिली होतीस? ती मी पहिल्यापासून म्हणायला घेतली. एक कडवं आठवेना, म्हणून त्याच्या आधीचं दोनदा म्हटलं. कविता संपली तेव्हा गुडघ्यावर येता आलं. नंतर चहा केला.

आता तुला कळलं. आशयला सांगू नकोस, एवढीच विनंती. तो वाईट मुलगा नाही. घाबरणारा मुलगा आहे. त्याने माझी काळजी घ्यायची म्हटली की तो मला कुठेतरी ठेवतो. लहानपणी आवडती काचेची गोटी त्याने अशी जपून ठेवली होती की पुन्हा कधी खेळलाच नाही.

बाकी मोठी बातमी आहे.

हिऱ्याच्या बिटाची उपसमिती अजून कोटेशन मागवते आहे. मी एकटाच स्टुलावर बसलो होतो आणि काही सुचेना म्हणून चाप हळूहळू दाबून बिटाकडे नुसता बघत होतो. बिटाला पीळ असतो ना, तो फिरताना पुढे सरकल्यासारखा दिसतो. देवळाच्या खांबावर चढणारी वेल कोरलेली असते तसा. पाहता पाहता लक्षात आलं की वेल उलटी उतरते आहे. जो चुरा बाहेर यायला हवा तो पीळ आत ढकलणार. म्हटलं, हे काहीतरी गावाला जायचं सोडून माघारी निघालंय. चापाच्या वर एक छोटं बटण आहे, दोन्हीकडून ढकलता येतं. ते दुसरीकडे ढकललं. वेल वर चढायला लागली.

म्हणजे इतके दिवस आम्ही ते उलटं चालवत होतो. काठिण्यांक, बिटाचा धातू, खरं सिमेंट, सगळ्याचा विचार झाला. कुठल्या दिशेला फिरतंय हे कुणी बघितलंच नाही. मी श्रीकांतला सांगितलं, तर तो म्हणाला, ही शक्यता अहवालात परिशिष्टात घालू.

मग फुलीची चिकटपट्टी लावली आणि सुरुवात करणार, तोच भीमाचार्य पुन्हा वर आले. या वेळी दारात थांबले नाहीत. आत येऊन भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "हितं नको, राव. आमच्या बच्चलमनेत गेल्या वर्षी भिंत फोडली, तेव्हा पाइप नेमकी हितूनच जाताना बघितली. वरती-खालती एकच नकाशा की." बच्चलमने म्हणजे कानडीत न्हाणीघर. समितीने एकमताने निवडलेली टाइल, बरं का. मी म्हटलं, मग सांगायचं ना त्या दिवशी. ते म्हणाले, सांगायलाच आलो होतो, पण मला बाहेर काढलं. आणि झोपेचं? ते पण खरंच होतं म्हणाले.

मग जरा घुटमळले. श्रावणात एकदा वरती धप्पकन आवाज झाला आणि मागून कुणी कविता म्हटल्याचं ऐकू आलं, ते काय होतं म्हणून विचारलं. गणपतीत तुमच्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असतो, त्यासाठी नाच बसवताय अशी त्यांची समजूत झाली होती. या वयात उत्साह आहे म्हणून अनुसूयाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, कौतुकाने सांगितलंही होतं.

मी त्यांना खरं सांगितलं. ते ऐकून ते कमोडच्या झाकणावर बसले आणि हात पुढे करून, कुठे धरावंसं वाटतं ते हवेत दाखवू लागले. मी म्हटलं, आणखी थोडं वर. ते म्हणाले, नाही, तुम्ही बसून दाखवा. असे आम्ही दोघे आळीपाळीने बसून हवेत काहीतरी धरत होतो. पाइपपासून लांब, तीन बोटं पुढे, खूण ठरली. तिथे धरलं की उठताना खांद्याला ओढ बसत नाही. समितीच्या गणितात ही गोष्ट कुठेच नव्हती, कारण टॉवेल उठत नाही.

पहिलं भोक पडलं. आधी पांढरा चुरा, मग विटेचा तांबडा. तो तांबडा पाहून मला, खोटं कशाला सांगू, शाळेच्या पटांगणातली माती आठवली. हातोडीचं बटण लावलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्यासारखं झालं. रेटलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

अजून पाच बाकी आहेत. बॅटरी चार्जिंगला आहे. मी चाप वाजवत नाही.

तुझा
दादा

कराड
२३ सप्टेंबर

दादा,

मी आशयला फोन केला. सगळं सांगितलं.

तू रागावशील. रागाव. तुझं पत्र वाचून मी हसले आणि मग कविता संपायच्या आधी तुझी शुद्ध गेली असती तर, असा विचार आला आणि मला जेवण गेलं नाही. फरशीवर पडलेल्या माणसाला घरात कुणी ऐकणारं नाही, आणि ऐकणारा आहे त्याला नाच वाटतो. हे मला गुपित म्हणून सांभाळता येणार नाही.

तो काय करेल मला माहीत नाही. शेवटपर्यंत ऐकून त्याने फोन ठेवला.

दांडा बसल्यावर पहिल्यांदा तू लटकू नकोस. आधी दुसऱ्या कुणाला ओढायला सांग, तोही खाली सतरंजी घालून.

नयना

यशवंतपूर
३ ऑक्टोबर

नयना,

उशीर झाला, कारण मी रागावलो होतो. तुझं पत्र आलं तेव्हा सहावा स्क्रू बसत होता आणि मी ते पत्र तसंच दुमडून खिशात घातलं, हाफ पँटच्या. दोन दिवस घरात काही लावावं, काही टांगावं असं वाटेना. बहिणीने फितूर व्हावं?

रविवारी सकाळी, न सांगता, आशय आणि यशश्री आले. मी पोहे करत होतो. आशयने चप्पल काढली आणि सरळ न्हाणीघरात गेला. यशश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिच्या पिशवीतून त्या गुळगुळीत पुस्तिकेचा कोपरा दिसत होता. मी गॅस बारीक करून मागे गेलो.

आशयने आधी दांड्यावर एक हात ठेवला. मग दोन. चकत्यांकडे वाकून बघितलं, स्क्रूवरून अंगठा फिरवला. सतरंजी घालायला मी सांगितलं, त्याने ऐकलं नाही. त्याने गुडघे दुमडले आणि पाय उचलले. तुझ्या भाच्याचं वजन तुला माहीत आहे; दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा मुलगा. त्याचा सगळा भार दांड्यावर होता आणि तो डोळे मिटून लटकला होता. भिंतीतून आवाज येईल म्हणून मी कानातलं यंत्र वाढवलं. काही आवाज आला नाही.

पाय टेकल्यावर तो कमोडच्या झाकणावर बसून राहिला.

"मला का नाही सांगितलं, बाबा?"

"तू मला देवनहळ्ळीला नेलं असतंस."

"नेलं असतं," तो म्हणाला. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आत्या म्हणाली, कविता म्हणत होतात."

"हो."

"पूर्ण?"

"एक कडवं सोडून."

तो हसायला लागला आणि हसताना त्याचा चेहरा भलत्याच दिशेला गेला. लहानपणी पडला की असाच व्हायचा, आधी हसायचा. मी पाठीवर हात ठेवला. त्याने चेहरा पुसला आणि म्हणाला, "पुन्हा पडलात तर आधी मला फोन. मग कविता." मी म्हटलं, सरी. 'बरं' म्हणायचं तर इथे सगळे असंच म्हणतात, आणि अशा वेळी मराठीत काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. फोन न्हाणीघरात हाताच्या अंतरावर ठेवायचा आणि रोज सकाळी त्याला एक मेसेज टाकायचा, या दोन अटी मी मान्य केल्या. देवनहळ्ळीचं नाव कुणी काढलं नाही. पोहे थोडे लागले होते, पण दोघांनी दोनदा घेतले.

आता तुझ्यावर राग आहे का ते मला नीट सांगता येत नाही. असेल थोडा. पण मी तुला लिहितो आहे.

परवा आयुधपूजा झाली. इथे त्या दिवशी माणसं जे हातात धरून जगतात त्याला कुंकू लावतात. रिक्षाला, लेथला, हल्ली लॅपटॉपलासुद्धा. भीमाचार्यांनी माझं ड्रिल मागून नेलं, बॅटरी काढून, आणि आपल्या नातवाच्या सायकलशेजारी ठेवून दोघांना झेंडू वाहिला. तांत्रिक समितीने माझ्या दांड्याचा अहवाल सोसायटीच्या फलकावर लावलाय. त्यात सहा स्क्रूंचा निर्णय समितीचा असल्याचं म्हटलंय. सुहास घरी येऊन हळूच विचारून गेला की त्याच्या न्हाणीघरातही असा एखादा टॉवेलचा दांडा बसेल का. मी उंची विचारली. बसल्यावर कोपर येतं तितकी म्हणाला, आणि आम्ही दोघांनी पुढे काही विचारलं नाही.

आणि हो. रविवारी जाताना यशश्री दारात थांबली होती. त्यांच्या कोरमंगल्याच्या घरात पडद्याचा दांडा अजून चिकटपट्टीवर आहे, दर आठवड्याला रात्री डोक्यावर पडतो. ॲपवरचा माणूस एवढ्या कामाला येत नाही म्हणे, येतो म्हणतो आणि रद्द करतो. मी विचारलं, भिंत कसली आहे, वीट की पोकळ? आशय म्हणाला, "भिंत म्हणजे... भिंत." यशश्रीने त्याच्याकडे असं बघितलं की गौरी आठवली. मग मला म्हणाली, "बाबा, तुम्ही याल का? ड्रिल घेऊन."

श्रीकांतला हे कळलं आहे, समिती बोलावू का विचारत होता. नको म्हटलं. बॅटरी भरली आहे, पिशवी भरली आहे. रविवारी सकाळी कोरमंगल्याला निघतो.

राहायला नाही. कामाला.

तुझा
दादा